आत्याच्या डोळ्यांतलं पाणी

आमच्या घरात एक वाक्य आहे. "बाप गेला तरी ती रडली नाही." ती म्हणजे माझी थोरली आत्या, लालबागच्या चाळीतली. १९८४ साली आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. खोलीत बायकांची दाटी, मधोमध आत्या. हुंदके देत होती, सगळं अंग हलत होतं, पण डोळे कोरडे ठणठणीत. शेजारची एक बाई हळूच म्हणाली, "सोंग करता गो." ते वाक्य पुढे पन्नास लग्नांत आणि बाराव्यांत फिरलं. खरं सांगायचं तर एकदोनदा मीही म्हटलं.

गेल्या महिन्यात परळला डोळे दाखवायला गेले होते. बरेच दिवस खुपत होतं, दुपारनंतर संगणकाकडे बघवत नव्हतं. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची छोटी पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. ही चाचणी ओटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टराची, १९०३ सालची! पाच मिनिटांत पट्टी पाच मिलिमीटरसुद्धा भिजली नाही तर डोळ्यांत पाणी फार कमी आहे असं समजतात. माझी तीन भिजली. मग त्यांनी विचारलं, "तोंड कोरडं पडतं? सकाळी बोटं आखडतात?"

मी गप्प झाले. मला आत्या दिसली. चपाती चहात बुडवल्याशिवाय न गिळणारी, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवणारी, सकाळी गरम पाण्यात हात धरून बसणारी. डोळ्यांत रेती गेल्यासारखं वाटतं म्हणायची. सगळे म्हणायचे, गिरणीचा कापूस. अहो, पण गिरणीत आजोबा जायचे! आत्या घरी गिरणीवाल्यांचे डबे करायची.

बाहेर पडले आणि आचार्य दोंदे मार्गावरून चालत राहिले. तिथेच हाफकिनचं आवार आहे. लहानपणापासून 'साप असतात ती जागा' एवढीच त्याची ओळख. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्देमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यावर लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. मारलेले जंतू टोचले की शरीर शत्रूला ओळखायला शिकतं, हे आमच्या या गिरणगावाने दंडावर टोचून घेऊन पाहिलं.

शरीराचा पहारेकरी घरच्यांवरच उलटला तर? हे मात्र बराच काळ कुणाला पटत नव्हतं. पॉल एर्लिख या मोठ्या शास्त्रज्ञाचं मत होतं की शरीर स्वतःवर असा हल्ला होऊ देत नाही. त्याच्या शब्दाला इतकं वजन की पुढची कित्येक वर्षं लोक तिकडे बघेनातच. १९५६ साली अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांवर, आणि लंडनमध्ये रोइट, डोनिआक यांनी थायरॉइडच्या रुग्णांवर दाखवून दिलं, की असं खरोखर होतं.

त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने डोळे कोरडे पडलेल्या १९ रुग्णांवर प्रबंध लिहिला होता. सगळ्या बायका. बहुतेकींचे सांधेही दुखणारे. डोळे, तोंड आणि सांधे हा एकच आजार आहे, असं त्याचं म्हणणं. प्रबंधाला गुण बेताचेच पडले, विद्यापीठात शिकवायची वाट बंद झाली. आज त्या आजाराला त्याचंच नाव आहे. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात.

या आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी अश्रुग्रंथीत आणि लाळेच्या ग्रंथीत शिरून ठाण मांडतात आणि त्या निकामी करत जातात. साध्या कोरड्या डोळ्यांतही प्रतिकारशक्तीचा हात असतो, हे मला नवीन होतं. अश्रू कमी झाले की उरलेले जास्त खारट होतात. त्या खारटपणाने डोळ्यावरच्या पेशी दुखावतात आणि 'धोका, धोका' असा निरोप धाडतात. सैनिक येतात. शत्रू कुणी नसतोच, पण ते डोळा ओला ठेवणाऱ्या पेशींनाच मारतात. मग डोळा आणखी कोरडा, अश्रू आणखी खारट, आणखी सैनिक. २००७ साली तज्ज्ञांनी कोरड्या डोळ्यांची नवी व्याख्या केली, त्यात खारटपणा आणि दाह या दोन्ही गोष्टी आल्या. म्हणून नुसते पाण्यासारखे थेंब घालून पुष्कळांचं भागत नाही. सायक्लोस्पोरिन हे अवयवरोपणात प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध. नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून सापडलेलं. ते डोळ्यात घालायच्या थेंबांच्या रूपात अमेरिकेत २००२ मध्ये मंजूर झालं.

आत्या १९९९ साली गेली. तिला "वयामुळे होतं" एवढंच सांगितलं गेलं होतं. वय तेव्हा एक्केचाळीस! तिला नेमकं हेच होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, तिचं रक्त कुणी तपासलंच नाही. माझे रक्ताचे रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येतील.

तर घरच्यांनो, दोन गोष्टी. डोळे, तोंड, सांधे तिन्ही कुरकुरत असतील तर डॉक्टरांना तिन्ही एकदम सांगा. आम्ही डोळे डोळ्यांच्या डॉक्टरला आणि बोटं हाडांच्या डॉक्टरला दाखवत बसतो. आणि दुसरं म्हणजे, ते वाक्य आता पुरे. त्या दिवशी मी तिच्या मांडीला टेकून बसले होते. ती रडत होती.