आफ्रिकेचा चित्ता, परभणीचं काळवीट

परवा मावसभावाने केनियातल्या सफारीचे फोटो पाठवले. मसाई मारा, तंबूत पलंग, गरम पाणी आणि समोर चित्ता! मला आठवलं कोल्हापूर. आपल्याकडचे चित्ते दुर्मिळ झाले, तेव्हा शिकारीसाठी संस्थानाने ते चक्क आफ्रिकेतून आणवले. डोळ्यांवर पट्टी बांधून माळावर न्यायचे, काळवीट दिसलं की सोडायचे. राजेशाही सफारीच ती! पुढे १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोत आले.

काळवीट मात्र आमच्या परभणीकडे अजून आहे. कळपच्या कळप हरभऱ्यात शिरतात. १९७२ च्या कायद्यामुळे त्याची शिकार बंद (बरंच झालं म्हणा). राखणीला बसलेल्या काकांना मी तो फोटो दाखवला.

"ह्याला इकडं नाही का सोडत रे?"