अडगावची लढाई कोण काढणार? मांगा, कादंबऱ्या आणि चित्रांतला इतिहास

अकोल्याच्या जुन्या शहरातून बोलतेय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग लिहूनही टाकतेय. बोलताना जे 'म्हणजे… म्हणजे' झालं तेवढं गाळलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय सोपा. गेल्या काही महिन्यांत मी काय वाचलं आणि मला काय वाटलं. यादी जरा खिचडीच आहे: दोन जपानी मांगा, दोन चित्रांतले इतिहास, एक इंग्रजी कादंबरी आणि एक आपल्या वऱ्हाडातली. पण वाचताना एक प्रश्न डोक्यातून जाईना. घडून गेलेली गोष्ट कोणी चित्रात काढली की ती कोणाची होते?

आधी 'व्हिनलँड सागा' पटकन उरकते, कारण तुमच्यापैकी अर्ध्यांनी ती ॲनिमेत पाहिलीच असणार. माकोतो युकिमुरानं २००५ मध्ये सुरू केलेली ही मांगा २०२५ मध्ये संपली. सुरुवातीला तलवारी, बदला, रक्त. मग नायक गुलाम होऊन एका शेतावर येतो आणि जंगल तोडून जमीन तयार करत बसतो. माझा एक मित्र म्हणाला, "इथं बोर झालो अन् सोडली." बापा, मला तर तिथूनच गोष्ट सुरू झाल्यासारखी वाटली! पेरलेलं उगवतं की नाही याची वाट बघणारा नायक कापसाच्या मुलखातल्या माणसाला बोर कसा होईल?

आता खरं पुस्तक. 'बेअरफूट गेन', म्हणजे अनवाणी गेन. केजी नाकाझावा हा लेखक-चित्रकार १९३९ साली हिरोशिमात जन्मला. ६ ऑगस्ट १९४५ ला तो शाळेच्या भिंतीच्या आडोशाला होता म्हणून वाचला. वडील, बहीण, धाकटा भाऊ गेले. आई पोटुशी होती, ती त्याच दिवशी बाळंत झाली. १९७३ मध्ये त्यानं हे सगळं मुलांच्या साप्ताहिकात काढायला घेतलं. कुठल्या साप्ताहिकात? 'शोनेन जंप'. हो, तेच, जिथं पुढे 'नारुतो' आणि 'वन पीस' आले.

पहिली शंभर पानं मला त्रास झाला. प्रत्येकजण ओरडतो, प्रत्येक पानावर कोणीतरी कोणाला थोबाडतं, मधेच विनोद. वाटलं, एवढ्या भयंकर गोष्टीत हे काय चाललंय? मग लक्षात आलं की हे सहा वर्षांच्या पोराच्या नजरेतून आहे. त्याला भूक लागते, तो भांडतो, गाणी म्हणतो. बॉम्ब पडला म्हणून त्याचं पोरपण बंद पडत नाही.

आणि नाकाझावाचा राग फक्त अमेरिकेवर नाही. गेनचा बाप युद्धाच्या विरोधात बोलतो, तर गल्लीतलीच माणसं त्याला देशद्रोही ठरवतात. शेजारचा कोरियन माणूस मदतीला येतो, त्यालाही लोक हिणवतात. लेखक आपल्याच सम्राटाला आणि आपल्याच लष्कराला जाब विचारतो. त्याची किंमतही या पुस्तकानं मोजली. डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे नाकाझावा वारला त्याच महिन्यात, मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळानं हे पुस्तक शाळांच्या वाचनालयात मुलांच्या हाती सहज पडणार नाही असं आत ठेवायला लावलं. कारण काय, तर जपानी सैनिकांच्या क्रौर्याची चित्रं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो आदेश मागे घेतला. २०२३ मध्ये तर खुद्द हिरोशिमा शहरानं आपल्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून गेनला काढलं. ज्या शहरावर बॉम्ब पडला, त्याच शहरानं!

'गेन'च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना आहे आर्ट स्पीगलमनची. तोच 'माउस'वाला. 'माउस'मध्ये ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरं, पोलिश माणसं डुकरं. दोन भाग, १९८६ आणि १९९१. १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका शिक्षण मंडळानं हेही अभ्यासक्रमातून काढलं. म्हणजे दोघांचं नशीब सारखंच.

'माउस'बद्दल सगळे उंदीर-मांजरांचंच बोलतात. मला त्यातला म्हातारा बाप आवडला. ऑशविट्झमधून जिवंत आलेला माणूस, पण महाचिकट. प्रत्येक काडी जपून ठेवणारा, बायकोला छळणारा, आणि काळ्या माणसाला गाडीत घेतलं म्हणून चिडणारा. सोसलेला माणूस म्हणून लेखक त्याला देव करत नाही. आणि एक गोष्ट तर माझ्या मनातून जातच नाही. आईनं त्या दिवसांच्या वह्या लिहिल्या होत्या. तिच्या मृत्यूनंतर बापानं त्या जाळल्या. मुलगा हे ऐकून बापाला खुनी म्हणतो. अख्ख्या पुस्तकात आईची बाजू नाही, आणि ती नाही हे लेखक लपवत नाही. मोकळी जागा मोकळीच ठेवतो.

आता आपल्याकडे येऊ. चित्रकथा आपल्याला नवीन नाहीत. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघायची आणि मराठीतला वेताळ आपल्या आईबापांच्या पिढीनं उशीखाली लपवून वाचलाय. एक गंमत सांगते: मूळ गोष्टीतला 'बंगाला' हा देश आपल्याकडे 'डेंकाली' झाला, कारण नाव बंगालसारखं वाटायचं. नकाशा बदलायची सवय जुनीच! मग १९६७ मध्ये अनंत पैंची अमर चित्र कथा आली. तिनं एका पिढीला इतिहास दिला हे मान्य, पण सरळ चौकटींचा दिला. राजा मधोमध, गोरा, देखणा. बाकीचे कडेला.

त्या कथामालेत बाबासाहेबांवरही अंक आहे. तो वाचा आणि मग २०११ चं 'भीमायन' वाचा. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे परधान गोंड कलाकार. त्यांनी चौकटीच मोडल्या. त्यांच्या पानावर गोष्ट वेलीसारखी फिरते. भल्या माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी बोलणं असलं की फुग्याला विंचवाची नांगी! मला एका शब्दाचं स्पष्टीकरण लागलं नाही. १९०१ च्या आसपास लहानगा भीम भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरतो, बैलगाडीचा प्रवास रात्रभर चालतो आणि पोरांना प्यायला पाणी मिळत नाही. तिथं तहान काढलीय, नुसती काढलीय. आपण खारपाणपट्ट्यातले लोक. गोड पाण्याची विहीर म्हणजे काय, आणि ती कोणाच्या हद्दीत होती, हे इथल्या कुठल्याही म्हातारीला विचारा.

आता ती इंग्रजी कादंबरी. बर्नार्ड कॉर्नवेल नावाच्या लेखकाची 'शार्प्स फोर्ट्रेस', १९९९ ची. उघडली आणि उडालेच. सुरुवात आपल्या अडगावात! आपल्याच जिल्ह्यातलं, अकोटच्या बाजूचं अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३. एका बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. दुसऱ्या बाजूला नागपूरकर रघुजी भोसल्यांचा भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू आणि सोबत शिंद्यांचं घोडदळ. दिवस कलताना तोफा सुरू झाल्या आणि कंपनीच्या देशी शिपायांच्या तीन पलटणी चक्क मागे पळाल्या. हेच शिपाई दोन महिन्यांपूर्वी असईला टिकून लढले होते. वेलस्लीनं स्वतः जाऊन त्यांना परत उभं केलं. पुढे त्यानं पत्रात लिहिलं की आपण तिथं नसतो तर लढाई हातची गेली असती. रात्री चांदण्यात पाठलाग झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या अलीकडचं वऱ्हाड भोसल्यांकडून निजामाकडे गेलं. तिथून १८५३ मध्ये कंपनीच्या कारभारात. म्हणजे आपल्या खापरपणज्यांचं नशीब एका महिन्यात फिरलं.

कादंबरी झकास आहे, खोटं कशाला बोलू. दोन रात्रींत संपवली. पण गाविलगडाचा किल्लेदार बेणीसिंग त्यात घाबरट माणूस आहे. इंग्रजांच्याच हकिकतीत त्याचं प्रेत दरवाज्याजवळ, पडलेल्या माणसांच्या ढिगात सापडलं. किल्ल्यात शिडी लावून चढण्याचा पराक्रम नायकाच्या नावावर आहे, तो मुळात कॅप्टन कॅम्पबेलचा. हे लेखकानं शेवटच्या टिपेत सरळ सांगितलंय आणि कॅम्पबेलची जणू माफी मागितलीय. बेणीसिंगाची कोण मागणार? मला कॉर्नवेलचा राग नाही. त्यानं त्याच्या माणसांची गोष्ट सांगितली. अडगाव सापडायला मला लंडनची कादंबरी लागली, हे मात्र खुपलं.

आपली माणसं कशी लिहायची हे आपल्याला येत नाही असं नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या, १९६० ची. त्यात ना राजा ना लढाई. शिंप्याच्या घरातली कौतिक, लेचापेचा नवरा महादेव, पोरं आणि रोजची चूल. संवाद अस्सल वऱ्हाडी. पुण्याचे माझे मित्र तिथं अडखळतात, मी मात्र आजीचा आवाज ऐकत वाचते. 'धग' चित्रात आली तर मला भीती एकच: कोणी कौतिकला नवं कोरं लुगडं नेसवू नये.

हे सगळं मी जुन्या शहरात बसून का बोलतेय? २०२३ च्या मे महिन्यात इथं एका सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दोन गट भिडले. दगडफेक, जाळपोळ, एक माणूस जिवानिशी गेला, जमावबंदी लागली. त्यानंतर माझ्या फोनवर 'खरा इतिहास' सांगणाऱ्या रील्सचा पूर आला. तीस सेकंदांत तीनशे वर्षं. कोण कोणाचा होता, गाव कोणाचं. आणि उत्तर द्यायला हातात काही नाही, कारण या गावाचा इतिहास चित्रात, धड गोष्टीत, कोणी सांगितलेलाच नाही. जपानमध्ये गेनला कपाटात ठेवलं. आपलं कपाटच रिकामं आहे.

मोर्णेच्या काठावर असदगड आहे. नाव औरंगजेबाचा वजीर असदखान याच्यावरून, बांधकाम १६९७ च्या सुमाराचं, ख्वाजा अब्दुल लतीफच्या हातचं. जवळच राजराजेश्वराचं देऊळ, जिथं श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात. आणि गावाची दंतकथा दोघांच्याही आधीची: अकोलसिंग नावाच्या माणसानं इथं सशाला कुत्र्याच्या मागे धावताना पाहिलं, म्हणून ही जागा निवडून मातीची भिंत बांधली. हीच गोष्ट विजयनगरची सांगतात, अहमदाबादचीही सांगतात. म्हणजे तो ससा देशभर पळत होता!

मी कागदावर पानं आखायला घेतलीत. पहिलं पान सशाचं. मग अडगाव, पण वेलस्लीच्या घोड्यावरून नाही, पळालेल्या त्या तीन पलटणींतल्या एका शिपायाच्या पायांवरून. बेणीसिंगाच्या घरातल्या बायकांचं पान कोरं ठेवणार, 'माउस'सारखं. माझा हात कच्चा आहे, घोडा काढला की गाढव होतं. ऐकणाऱ्यांत कोणी चित्र काढणारं असेल, जुन्या शहरातलं असो की नव्या, तर मेसेज करा. संवाद वऱ्हाडीत राहतील, त्यावर चर्चा नाही.