गवताची बाग: नैसर्गिक शैलीचे उद्यान म्हणजे काय?

बागेतले गवत म्हटले की कातरलेली हिरवळ आठवते. नैसर्गिक शैलीच्या बागेत मात्र गवत गुडघ्याएवढे, कधी कमरेएवढे वाढू देतात. त्याच्या झुबक्यांमध्ये बहुवर्षायू फुलझाडे लावतात. बहुवर्षायू म्हणजे एकदा लावल्यावर वर्षानुवर्षे त्याच मुळा-कंदांतून फुटणारी झाडे. फुलांच्या रंगाइतकेच महत्त्व इथे झाडाच्या आकाराला, तुऱ्यांना आणि वाळलेल्या काड्यांनाही असते.

शैली कुठून आली?

विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक लिहून इंग्लंडमधील आखीव ताटव्यांना पर्याय सुचवला. विसाव्या शतकात जर्मनीत कार्ल फोर्स्टर यांनी गवतांना बागेत मानाचे स्थान दिले. आज या शैलीचे सर्वांत परिचित नाव नेदरलँड्सचे पीट आउडॉल्फ यांचे आहे. हुमेलो गावातील त्यांची खाजगी बाग पाहायला जगभरातून लोक येत. २०१८ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली. न्यूयॉर्कमध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ पासून खुल्या होत गेलेल्या ‘हाय लाइन’ उद्यानातील लागवडही त्यांचीच.

खाजगी बागा ठरावीक दिवशी लोकांना दाखवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९२७ साली संघटितपणे सुरू झाली. पहिल्या वर्षी ६०९ बागा उघडल्या, प्रवेश एक शिलिंग आणि पैसा परिचारिकांच्या सेवेसाठी. नागपुरातही बागा आधी खाजगीच होत्या. सीताबर्डीलगतची महाराजबाग भोसल्यांची. पुढे ती सर्वांसाठी खुली झाली आणि आता कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे.

सीताबर्डीचा याच्याशी काय संबंध?

सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची. अशा उतारावर मातीचा थर पातळ असतो आणि पाणी थांबत नाही. शेतकरी अशा हलक्या जमिनीला बरड म्हणतात आणि नाक मुरडतात. गवताच्या बागेला मात्र हीच जमीन मानवते. भरपूर खत-पाणी मिळाले की गवत माजते, आडवे पडते आणि शेजारच्या फुलझाडांना दाबून टाकते.

१८१७ च्या लढाईसाठी प्रसिद्ध असलेला इथला किल्ला लष्कराकडे आहे. अनेक वर्षे तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांना खुला ठेवण्याची प्रथा राहिली. (जाण्यापूर्वी चालू नियम विचारून घ्यावा.) योगायोग असा, की विदर्भातल्या गवताची तीन रूपे याच तीन तारखांना दिसतात: ऑगस्टमध्ये हिरवेगार, जानेवारीत सोनेरी आणि मे महिन्यात जमिनीलगत झोपी गेलेले. म्हणून अशी बाग एकदाच पाहून मत बनवू नये. तिन्ही ऋतूंत पाहावी.

नागपूरच्या अंगणात काय लावता येईल?

परदेशी रोपांच्या याद्या इथे उपयोगी पडत नाहीत. त्यांना थंडीत विश्रांती हवी असते, आपल्याकडची झाडे उन्हाळ्यात विश्रांती घेतात. स्थानिक पर्याय असे:

- मारवेल: नाजूक तुऱ्यांचे, उत्तम चाऱ्याचे गवत.
- पवन्या: हलक्या, मुरमाड जमिनीत टिकते.
- तिखाडी (रोशा): सुगंधी; याचे तेल काढतात.
- वाळा: कूलरच्या ताट्यांमुळे नागपूरकरांच्या ओळखीचा. ओलावा असलेल्या कोपऱ्यात लावावा.
- फुलांसाठी: पावसाळ्यात रानहळद, हिवाळ्यात कोरांटी. कळलावी देखणी असली तरी सर्वांगाने विषारी आहे. घरात लहान मुले असतील तर ती टाळावी.

कुसळी गवत सुंदर दिसते, पण त्याची कुसळे कपड्यांत आणि जनावरांच्या अंगात रुततात. ते पायवाटेजवळ नको.

निगा आणि आक्षेप

पहिल्या वर्षी तण काढावेच लागते, विशेषतः गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटावे. रोपे रुजली की पाण्याची गरज हिरवळीपेक्षा बरीच कमी होते. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत हा फरक मोठा आहे.

वाळलेले गवत हिवाळाभर उभे ठेवावे. त्याच्या बिया मुनियांसारखे पक्षी खातात. मात्र होळीच्या आत ते कापून टाकावे, कारण उन्हाळ्यात एक ठिणगीही पुरते. कापलेले गवत जाळू नये. झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरावे, पण भिंतीपासून दूर.

“गवतात साप येतील, डास होतील,” ही शेजाऱ्यांची तक्रार ठरलेली. डासांची पैदास साचलेल्या पाण्यात होते, म्हणून कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आधी तपासाव्यात. सापाची भीती मात्र निराधार नाही. दाराजवळ आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना गवत आखूड ठेवावे, विटा-लाकडांचे ढीग हटवावेत. कडेची अशी स्वच्छ पट्टी दिसली, की आतले उंच गवत दुर्लक्षामुळे वाढलेले नाही हेही पाहणाऱ्याला कळते.