बाद फेरीची नोंद आणि तिच्यामागील इतिहास : टेक्सासमधील पर्मियन हायस्कूलच्या फुटबॉल संघाचा अभ्यास

प्रस्तावना :

क्रीडा-इतिहासाच्या लेखनात विजेत्यांची यादी हे सर्वांत निर्विवाद साधन मानले जाते. वर्ष, प्रतिस्पर्धी आणि गुणसंख्या या तीन रकान्यांत मतभेदाला जागा नसते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अशा यादीतील प्रत्येक ओळीमागे काही निर्णय दडलेले असतात. स्पर्धेत प्रवेश कोणाला होता आणि कोणाला नव्हता, पात्रतेचे निकष कोणी ठरवले, बरोबरी झाल्यास निवाडा कसा होई, निकाल लागल्यानंतर तो कोणी बदलला, या प्रश्नांची उत्तरे यादीत मिळत नाहीत. ती समाजाच्या, शिक्षणसंस्थांच्या आणि न्यायालयांच्या इतिहासात शोधावी लागतात.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ओडेसा येथील पर्मियन हायस्कूलचा फुटबॉल संघ हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे. एच. जी. बिसिंगर यांच्या 'फ्रायडे नाइट लाइट्स' (१९९०) या पुस्तकामुळे आणि त्यावर आधारित २००४ च्या चित्रपटामुळे हा संघ जगभर परिचित झाला. प्रस्तुत लेखात या संघाच्या बाद फेऱ्यांमधील कामगिरीचा आढावा घेऊन त्या कामगिरीची नोंद कोणत्या सामाजिक व संस्थात्मक प्रक्रियांतून घडली, याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

येथे 'फुटबॉल' या शब्दाने अमेरिकन फुटबॉल हा खेळ अभिप्रेत आहे. प्रत्येकी अकरा खेळाडूंचे दोन संघ लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या सीमारेषेपलीकडे नेण्याचा प्रयत्न करतात. अमेरिकेतील हायस्कूल म्हणजे नववी ते बारावीचे शिक्षण. त्यामुळे या स्पर्धांतील खेळाडू साधारणतः चौदा ते अठरा वर्षांचे असतात.

टेक्सासमधील शालेय स्पर्धांचे नियंत्रण ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाशी संलग्न असलेल्या युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग या संस्थेकडे आहे. विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे वर्ग पाडले जातात आणि प्रत्येक वर्गातील शाळा भौगोलिक गटांत विभागल्या जातात. गटातील साखळी सामने संपल्यावर पात्र संघ बाद फेरीत जातात. तेथे एक पराभव म्हणजे हंगामाची समाप्ती.

ओडेसा हे पश्चिम टेक्सासमधील खनिज तेलावर जगणारे शहर होय. १९८० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे नव्वद हजार होती. शेजारचे मिडलंड हे तेल कंपन्यांच्या कार्यालयांचे, भूवैज्ञानिकांचे आणि बँकांचे शहर, तर ओडेसा हे प्रत्यक्ष विहिरींवर राबणाऱ्या कामगारांचे. या दोन शहरांतील स्पर्धा मैदानावर उतरली ती या वर्गभेदासह. पर्मियन हायस्कूल १९५९ मध्ये सुरू झाले. तेलसमृद्ध पर्मियन खोऱ्याचे, पर्यायाने एका भूवैज्ञानिक कालखंडाचे नाव शाळेला मिळाले, ही गोष्ट त्या शहराच्या अर्थकारणाची साक्ष देते.

अजिंक्यपदांचा आलेख :

पर्मियनने सहा वेळा राज्य अजिंक्यपद मिळवले. शाळा सुरू झाल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, १९६५ मध्ये, प्रशिक्षक जीन मेफील्ड यांच्या संघाने सॅन अँटोनियो ली या शाळेचा ११-६ असा पराभव केला. १९७२ मध्ये बेटाउन स्टर्लिंगवर ३७-७ आणि १९८० मध्ये पोर्ट आर्थर जेफरसनवर २८-१९ असे विजय मिळाले. १९८४ चा अंतिम सामना बोमाँट फ्रेंच या शाळेशी २१-२१ असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही शाळा संयुक्त विजेत्या ठरल्या. १९८९ मध्ये गॅरी गेन्स यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने एकही सामना न गमावता अंतिम सामन्यात अल्डीनला २८-१४ असे हरवले. १९९१ मध्ये टॅम हॉलिंग्सहेड यांच्या संघाने सॅन अँटोनियो मार्शलवर २७-१४ अशी मात केली. याशिवाय १९६८, १९७०, १९७५, १९८५ आणि १९९५ या वर्षी संघ अंतिम सामन्यात पराभूत झाला.

एकतीस वर्षांत अकरा अंतिम सामने ही कामगिरी असामान्य आहे, यात शंका नाही. तथापि या अकरा सामन्यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

'राज्य' या शब्दाची व्याप्ती :

पहिला प्रश्न 'राज्य अजिंक्यपद' या संज्ञेतील 'राज्य' या शब्दाविषयी उपस्थित होतो. शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. तरीही टेक्सासमधील लीगचे सदस्यत्व कृष्णवर्णीयांच्या शाळांना १९६७ पर्यंत खुले झाले नव्हते. त्या शाळांसाठी प्रेअरी व्ह्यू इंटरस्कॉलॅस्टिक लीग ही स्वतंत्र संघटना होती आणि तिची स्वतःची अजिंक्यपदे होती. ही संघटना १९७० मध्ये विसर्जित झाली. याचा अर्थ असा की, पर्मियनचे १९६५ चे पद ज्या स्पर्धेतील होते, तिच्यात राज्यातील शाळांचा एक मोठा भाग प्रवेशच करू शकत नव्हता. अधिकृत यादीत मात्र १९६५ आणि १९७२ या दोन ओळी सारख्याच दिसतात.

पुढील दोन दशकांत हे चित्र पालटले. १९८५ च्या अंतिम सामन्यात ह्यूस्टनच्या येट्स हायस्कूलने पर्मियनला ३७-० असे हरवले. १९२६ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेली ही शाळा होती. वीस वर्षांपूर्वी तिला पर्मियनसमोर उभे राहण्याचीही मुभा नव्हती. या निकालाकडे केवळ एका संघाचा मानहानिकारक पराभव म्हणून पाहणे अपुरे ठरते.

ओडेसा शहरातही वर्णविभाजनाचा प्रश्न रेंगाळला होता. शहराच्या दक्षिण भागातील एक्टर हायस्कूलमध्ये प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचे विद्यार्थी शिकत. संघीय न्यायालयाच्या आदेशानंतर १९८२ मध्ये हे हायस्कूल बंद झाले आणि तेथील विद्यार्थी पर्मियन व ओडेसा हायस्कूल या दोन शाळांत विभागले गेले. ही विभागणी करताना शाळांच्या हद्दी कशा आखल्या गेल्या आणि त्यात फुटबॉलचा विचार कितपत होता, याची चर्चा बिसिंगर यांनी केली आहे. दक्षिण ओडेसाने आपली शाळा गमावली आणि पर्मियनला नवे गुणवान खेळाडू मिळाले. एकात्मीकरणाचा हा व्यवहार दोन्ही बाजूंना सारखा फलदायी नव्हता.

तेलाचा भाव आणि मैदानाचा खर्च :

१९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि ओडेसात पैसा खेळू लागला. याच भरभराटीच्या काळात सुमारे ५६ लाख डॉलर खर्चून रॅटलिफ स्टेडियम उभारण्यात आले. १९८२ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानात सुमारे एकोणीस हजार प्रेक्षकांची सोय होती, म्हणजे शहरातील दर पाच माणसांपैकी एकाला तेथे जागा मिळू शकत होती. परंतु १९८३ मध्ये मिडलंडची फर्स्ट नॅशनल बँक बुडाली आणि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. विहिरी थांबल्या, यंत्रे गंजू लागली, कुटुंबे स्थलांतरित झाली. मैदान मात्र भरतच राहिले. शहराकडे अभिमान बाळगण्यासारखे फारसे काही उरले नसताना शुक्रवारच्या सामन्याचे महत्त्व वाढत गेले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर पडलेले ओझे हे या अर्थाने आर्थिक मंदीचे ओझे होते.

या अग्रक्रमाचे प्रतिबिंब शाळेच्या अंदाजपत्रकातही उमटले होते. बिसिंगर यांच्या नोंदीनुसार संघाच्या वैद्यकीय साहित्यावर ६,७५० डॉलर खर्च होत असताना इंग्रजी विभागाच्या अध्यापन साहित्यासाठी ५,०४० डॉलर मिळत होते.

१९८८ : नाणेफेक, बीजगणित आणि न्यायालय :

नोंद आणि वास्तव यांतील अंतर १९८८ च्या हंगामात सर्वाधिक स्पष्ट होते. त्या वर्षी गटातून दोन संघ बाद फेरीत जाणार होते. साखळी सामने संपले तेव्हा पर्मियन, मिडलंड ली आणि मिडलंड हायस्कूल हे तीन संघ बरोबरीत होते. निवाड्यासाठी नियमानुसार नाणेफेक घेण्यात आली. गर्दी टाळण्यासाठी ट्रकचालकांच्या एका थांब्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तिन्ही प्रशिक्षकांनी नाणी उडवली आणि स्थानिक दूरचित्रवाणीने ते दृश्य थेट दाखवले. ज्याचे नाणे इतर दोघांपेक्षा वेगळे पडेल तो बाहेर, अशी पद्धत होती. मिडलंड हायस्कूल बाहेर पडले. पर्मियनच्या त्या हंगामाची पुढील सर्व कीर्ती, किंबहुना बिसिंगर यांच्या पुस्तकाचा उत्तरार्धही, या एका नाण्यावर अवलंबून होता.

उपांत्य सामन्यात पर्मियनची गाठ डॅलसच्या कार्टर हायस्कूलशी पडली. कार्टर ही प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची शाळा होती. सामन्याचे पंच कोण असावेत या प्रश्नावरही दोन्ही बाजूंत वंशाच्या मुद्द्यावरून संशयाचे वातावरण होते. ऑस्टिन येथे झालेला सामना कार्टरने १४-९ असा जिंकला आणि पुढे कन्व्हर्स जडसनला हरवून अजिंक्यपदही मिळवले.

परंतु कार्टरची पात्रताच वादग्रस्त होती. टेक्सासने १९८४ मध्ये शिक्षण सुधारणा कायदा केला होता. त्यानुसार कोणत्याही विषयात ७० पेक्षा कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यास पुढील सहा आठवडे स्पर्धेत भाग घेता येत नसे. 'उत्तीर्ण नाही तर खेळ नाही' या नावाने हा नियम ओळखला जाई. शालेय स्पर्धांत भाग घेणे हा विद्यार्थ्याचा मूलभूत हक्क नाही, असा निर्वाळा देऊन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तो वैध ठरवला होता. कार्टरच्या एका खेळाडूला बीजगणितात शिक्षकाने अनुत्तीर्ण केले होते, तर शाळेच्या प्रशासनाने ते गुण बदलून त्याला उत्तीर्ण ठरवले होते. बाद फेऱ्या चालू असतानाच हा वाद राज्याच्या शिक्षण खात्याकडून न्यायालयात गेला आणि कार्टरचा संघ न्यायालयीन आदेशांच्या आधारे खेळत राहिला. अखेर १९९१ मध्ये कार्टरचे पद काढून घेण्यात आले आणि ते कन्व्हर्स जडसनला देण्यात आले.

मूल्यमापन हा अध्यापकाचा अधिकार की संस्थेच्या प्रतिष्ठेपुढे लवणारी बाब, हा प्रश्न येथे फुटबॉलच्या निमित्ताने थेट न्यायासनासमोर उभा राहिला. दुसरी बाबही लक्षणीय आहे. कार्टरचे पद गेले, तरी पर्मियनला तो उपांत्य सामना पुन्हा खेळायला मिळणे शक्य नव्हते. कागदावर विजेता बदलता आला, पण हरलेल्या मुलांचा हंगाम परत देता आला नाही.

स्वतः पर्मियनही नियमांच्या कचाट्यातून सुटले नाही. १९८९ च्या अपराजित हंगामानंतर लगेचच, १९९० मध्ये, सरावासंबंधीच्या नियमभंगावरून संघाला बाद फेरीस अपात्र ठरवण्यात आले. त्याच वर्षी बिसिंगर यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. वंशभेद आणि शिक्षणाची उपेक्षा यांवरील त्यातील भाष्यामुळे ओडेसात एवढा रोष उसळला, की धमक्या आल्याने लेखकाला तेथील नियोजित भेट रद्द करावी लागली.

नोंद आणि स्मृती :

बदलत्या नियमांमुळे कालखंडांची तुलनाही अवघड होते. १९६५ मध्ये गटातून केवळ विजेता संघ बाद फेरीत जाई. १९८८ मध्ये दोन संघ जात होते. पुढे सर्वांत मोठ्या वर्गात चार संघांना प्रवेश मिळू लागला. त्यामुळे 'बाद फेरी गाठली' या एकाच वाक्याचा अर्थ दर पिढीला वेगळा होतो. पूर्वी गटात दुसरा आलेला उत्कृष्ट संघ नोंदीत दिसतच नाही, तर नंतरच्या काळातील मध्यम संघही दिसतो.

लोकस्मृतीने आणखी एक फेरबदल केला. २००४ च्या चित्रपटात कार्टरविरुद्धचा उपांत्य सामना अंतिम सामना म्हणून दाखवला आहे आणि तो ऑस्टिनऐवजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये खेळला जातो. अशा रीतीने जगाच्या स्मरणात राहिला तो पर्मियनचा एक पराभव. ज्या संघाने पुढच्याच वर्षी सर्व सामने जिंकले, त्याची आठवण तुलनेने क्षीण राहिली. त्या अपराजित संघाचे प्रशिक्षक गेन्स २००९ ते २०१२ या काळात पुन्हा पर्मियनमध्ये होते. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९१ नंतर मात्र पर्मियनच्या अजिंक्यपदांच्या यादीत भर पडलेली नाही.

निष्कर्ष :

१. बाद फेऱ्यांची नोंद ही केवळ क्रीडाकौशल्याची नोंद नसून प्रवेश, पात्रता आणि निवाडा यांविषयीच्या संस्थात्मक निर्णयांची नोंद असते.

२. १९६७ पूर्वीच्या टेक्सासमधील 'राज्य अजिंक्यपदां'चा उल्लेख वर्णविभाजनाचा संदर्भ दिल्याशिवाय करणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. प्रेअरी व्ह्यू लीगच्या विजेत्यांना त्याच काळाच्या इतिहासात समान स्थान मिळणे आवश्यक आहे.

३. आर्थिक मंदीच्या काळात शालेय खेळाकडून सामुदायिक प्रतिष्ठेची अपेक्षा वाढते आणि त्याचा भार अल्पवयीन विद्यार्थ्यांवर पडतो, हे ओडेसाच्या उदाहरणावरून दिसते.

४. शैक्षणिक निकष खेळाशी जोडले, तरी गुणदान करणाऱ्या अध्यापकाला संरक्षण नसेल तर तो नियम दुबळा ठरतो. कार्टर प्रकरण हे याचे ठळक उदाहरण होय.

सारांश, विजेत्यांच्या यादीतील ओळी जितक्या आखीव दिसतात, तितका त्यांच्यामागील इतिहास आखीव नसतो. मिडलंड हायस्कूलच्या नावापुढे १९८८ या वर्षी बाद फेरीची नोंद नाही आणि पर्मियनच्या नावापुढे आहे. या दोन नोंदींतील फरक एका नाण्याएवढा होता, हे यादी सांगत नाही. ते सांगणे हे इतिहासलेखकाचे काम आहे.