झीनची कुळकथा

कोठाराला अरबीत मख्जन म्हणतात. तो शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन 'मॅगझिन' झाला, आणि १७३१ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने तो नियतकालिकाला लावला: मजकुराचे कोठार. त्याच शब्दाचे शेपूट म्हणजे 'झीन', हौसेने, पदरमोड करून काढलेली छोटी पत्रिका.

झीनची गोष्ट बहुतेक जण लंडनच्या पंक पोरांपासून आणि झेरॉक्सपासून सांगतात. मी ती वाचकांच्या पत्त्यांपासून सांगेन. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये न्यूयॉर्कहून 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे पत्त्यासकट छापून येत. आपल्यासारखाच वेडा दुसऱ्या गावीही आहे, हे एकट्या वाचकाला कळले. परस्पर पत्रे सुरू झाली, मंडळे निघाली आणि मे १९३० मध्ये शिकागोच्या अशाच एका पत्रमंडळाने 'द कॉमेट' काढले. पहिल्या झीनचा मान त्यालाच देतात.

बारसे दहा वर्षांनी झाले. ऑक्टोबर १९४० मध्ये लुई रसेल शोवने यांनी आपल्या 'डिटूर्स' या पत्रिकेत 'फॅनझीन' हा शब्द घडवला. शोवने यांना लहानपणीच बहिरेपण आले होते. दूरच्या सोबत्यांशी ते कागदावरच बोलत. हा शब्द त्यांच्याच लेखणीतून यावा, हे मला फार मोलाचे वाटते.

या पत्रिकांना हात दिला सायक्लोस्टाइलने. मेणकागदावर टंकलेखन करायचे, अक्षरांनी कापलेल्या जागेतून शाई खाली उतरते. छापखान्याचे बिल नाही, कुणा संपादकाची होकाराची चिठ्ठी नाही. १९५०च्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि मित्रांचे 'शब्द' असेच सायक्लोस्टाइल होऊन निघाले. शिकागोशी त्याचे नाते नव्हते, पण निकड तीच होती. पुढे आपल्याकडे 'लघुअनियतकालिक' हे नाव रूढ झाले. पैसे जमतील तेव्हा अंक निघेल, हे त्या नावातच कबूल केलेले आहे.

पत्त्यांवरून ओळखणारी माणसे एका छताखाली आणण्याचे काम जपानमध्ये मोठे झाले. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत पहिले 'कॉमिक मार्केट' भरले. ३२ मंडळे आपापल्या पत्रिका घेऊन बसली आणि सुमारे ७०० माणसे आली. आज तिथे लाखोंची गर्दी होते. तरी विकणारा, विकत घेणारा आणि रांग लावणारा स्वयंसेवक या सगळ्यांना तिथे एकच नाव आहे: सहभागी. ग्राहक कुणीच नाही.