मुखातील बुरशी आणि शरीराचा पहारा

तान्ह्या मुलाच्या जिभेवर दही साकळल्यासारखा पांढरा थर दिसला, तर घरातील वडीलधाऱ्या बायका सहसा घाबरत नाहीत. परंतु धट्ट्याकट्ट्या तरुणांच्या मुखात तोच थर आढळावा, हे नवल होय. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-साप्ताहिकात लॉस एंजल्स येथील पाच तरुणांची हकीकत छापून आली. त्यांस फुप्फुसाचा एक दुर्मिळ विकार जडला होता. शिवाय पाचही जणांस कॅन्डिडा नामक बुरशीची बाधा होती. पुढे जो रोग एड्स या नावाने जगास ठाऊक झाला, त्याच्या आरंभीच्या नोंदीतच ही बुरशी अशी हजर आहे.

ती काही परकी नव्हे. पुष्कळ निरोगी माणसांच्या मुखात ती निमूटपणे नांदत असते, कारण शरीराचा तिच्यावर पहारा असतो. या पहाऱ्याची सूत्रे रक्तातील सी.डी.४ पेशींच्या हाती असतात, आणि एच.आय.व्ही. हा विषाणू नेमका त्यांचाच घात करतो. रक्ताच्या एका घन मिलिमीटरात त्या २०० हून कमी उरल्या की बुरशी विशेष उचल खाते. मग घास गिळवत नाही, आणि आधीच खंगलेला देह अधिकच खंगतो.

औषधे नव्हती असे नाही. हेझन व ब्राउन या दोन विदुषींनी शोधलेले निस्टॅटिन १९५० सालीच जाहीर झाले होते. १९९० साली अमेरिकेत फ्लुकोनाझोलला परवानगी मिळाली. थर निघे आणि काही दिवसांनी पुन्हा धरे. अखेर कित्येकांच्या मुखातील बुरशी फ्लुकोनाझोललाही जुमानीनाशी झाली. पहारेकरीच मेल्यावर चोरास कितीदा हाकलावयाचे?

१९९६ पासून विषाणूवर तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. त्यांतील एकही बुरशीसाठी शोधलेले नव्हते. तरीही विषाणूची वाढ थांबून पेशी पुन्हा वाढू लागताच, पूर्वी कोणत्याच उपायास दाद न देणारे थरही अनेकांच्या मुखातून नाहीसे झाले. यांपैकी काही औषधे बुरशीच्या एका पाचक द्रव्यासही रोखतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. तथापि मुख्य श्रेय परतलेल्या पहाऱ्यासच दिले पाहिजे.

हा लाभ प्रथम श्रीमंत देशांपुरताच होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने ही तिहेरी औषधे वर्षास ३५० डॉलर्स इतक्या अल्प दरात देऊ केली, आणि १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्रही होता. आता उपचार घेणाऱ्या रोग्याच्या जिभेवर तो पांढरा थर पुन्हा दिसला, तर जाणता वैद्य केवळ बुरशीचे औषध देऊन थांबत नाही. गोळ्या चुकल्या काय, हे तो विचारतो, आणि रक्तातील विषाणू मोजून घ्यावयास सांगतो.