औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज व उर्दू माध्यम

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे 1923 मध्ये सरकारी इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले. ते 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या योजनेचे अंग होते. परकीय इंग्रजी सोडून देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होय. मौलवी अब्दुल हक या कॉलेजचे प्राचार्य होते. 1921 मध्ये सुरू झालेले अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे ‘उर्दू’ हे नियतकालिकही याच नगरातून निघाले.

तथापि मराठवाड्यातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा मराठी होती. इंग्रजीविरुद्ध उर्दूसाठी केलेला युक्तिवाद येथे उर्दूविरुद्ध मराठीसाठीही तितकाच लागू पडत होता. राज्यकर्त्यांनी मात्र तो तेथवर नेला नाही. 1915 मध्ये स्थापन झालेल्या सरस्वती भुवन संस्थेसारख्या खाजगी प्रयत्नांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर जाणवते.

1938 मध्ये याच कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली आणि विद्यार्थी-सत्याग्रह सुरू झाला. तो हैदराबादपर्यंत पसरला. संस्थानातील शिक्षणाची दारे बंद झालेल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला.

1948 च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाने उर्दू सोडून इंग्रजी माध्यम स्वीकारले. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. संस्था टिकली, शिक्षणक्रम मात्र इतिहासजमा झाला. त्याच्या अस्ताने संस्थानी सत्तेचा आग्रह सरला, तसाच देशी भाषेतून उच्च विद्या देण्याचा एक सिद्ध अनुभवही हातचा गेला. या दोहोंची नोंद एकत्र घेतल्यावाचून त्या कालखंडाचे मूल्यमापन एकांगी ठरेल.